उंबरठा कापायचा की नाही

गुहागर, सोमवार रात्र

प्रिय सुधा,

आज आई मागच्या दाराने घरात आली. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहून उपयोग नाही. बाकीचे म्हणतील, त्यात काय झालं! मागीलदाराने कोण यायचं, कोण नाही, याचे तिचे नियम तुला पाठ आहेत. शेणाची पाटी, लाकडाची मोळी आणि आमसुलं घेऊन येणारी बाय, एवढ्यांनाच ते दार. तीच आई वॉकर टेकत गोठ्याकडून वळसा घालून आली आणि जिंकल्यासारखी म्हणाली, "बघ, झालं की नाही!"

खुब्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, टाके निघाले. माझं बीपी आहे तसंच आहे. तब्येतीचं पुराण संपलं.

अडलंय ते उंबरठ्यापाशी. अंगणातून ओटीवर यायची सोय मी केली. जोतं दीड फुटाचं, आणि एकास बारा चढ धरला तर अठरा फूट उतार लागतो. पारिजातकाला वळसा देऊन तो जांभ्याचा बांधून घेतला. वर मुद्दाम खडबडीत ठेवलाय, नाहीतर श्रावणात शेवाळावरून आपणच घसरू. दोन्ही फळ्या उघडल्या की वॉकर दारात आरामात मावतो. पण पुढे सहा इंचांचा उंबरठा! त्यालाही दोन्ही बाजूंनी उतार द्यायचा तर सहा-सहा फूट हवेत, आणि ओटी जेमतेम पाच फूट रुंद. शिवाय चढावर दारातच थांबून पुन्हा उतरायचं, हे तिला झेपणारं नाही.

दादाचं उत्तर सोपं: अख्खं दार काढ, स्टीलचं बसव, डिजिटल कुलूप लाव, म्हणजे ठाण्यात बसून त्याला मोबाइलवर दिसेल कोण आलं ते. मी साफ नाही म्हटलं. इथल्या खाऱ्या हवेत खिडकीचे गज टिकत नाहीत, आणि याला पत्र्याचं दार हवंय! सुताराने परवा फळी खरवडून दाखवली. वर तुझा तो हिरवा ऑइलपेंट (हो, तुझाच, 1989च्या गणपतीत तूच हट्टाने द्यायला लावलास, आता नाकबूल होऊ नकोस), त्याखाली चॉकलेटी, आणि त्याच्या खाली साग. इतका घट्ट की पटाशी सरकेना. अळशीच्या तेलात टर्पेंटाइन घालून एकच हात फिरवला तर गणेशपट्टीवरच्या वेलीची पानं न पानं दिसायला लागली. दार राहणार, हे ठरलं.

उंबरठ्याचं मात्र ठरत नाही. सुतार म्हणतो कापता येईल, पण चौकटीचे दोन्ही पाय त्यानेच बांधून धरलेत. तो काढला तर होल्डफास्टच्या लोखंडी पट्ट्या ठोकून चौकट भिंतीत पक्की करावी लागेल. डाव्या पायाला खाली वाळवी आहेच. तेवढा तुकडा बदलून खाली दगड घालायचा. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून ओटीला बाहेरच्या बाजूला ढाळ. सगळं होण्यासारखं आहे. हवं तर खाच ठेवून काढता-घालता उंबरठा करतो, सणावारी बसवा, असंही म्हणाला. त्यावर आई काय म्हणाली असेल? "सणापुरती लक्ष्मी यायची आणि एरवी दार उघडं टाकायचं?"

तिचं म्हणणं मला कळतं गं. लग्न होऊन आली तेव्हा माप याच उंबरठ्यावरचं ओलांडलंन. रोज सकाळी हळदकुंकू, दोन बोटांची रांगोळी. मधे लाकूड कसं खोलगट झिजलंय ते आठवतं ना? तिन्हीसांजेला तू तिथे बसायचीस आणि बोलणी मी खायचे! पण ज्या उंबरठ्याची तिने एवढी वर्षं पूजा केली, त्याच्यापायी तिनेच चोरासारखं मागून यायचं, हे मला सहन होत नाही. माझ्या मते कापावा. अर्ध्या इंचाची सागाची पट्टी ठेवावी, हळदकुंकवाला तेवढी पुरते. काढलेलं लाकूड देवघराच्या पायरीला लावावं. दादाला विचारणारच नाही.

तुझ्या बदलीचं कळलं, नागपूरचा उन्हाळा जपून काढ. लेकीच्या निकालाचे पेढे उधार आहेत. अविनाशरावांचं घोरणं कमी झालं का?

सुतार गुरुवारी येतोय, त्याआधी आईचा होकार हवा. माझ्याशी ती या विषयावर बोलतच नाही, तोंड फिरवते. तुझं ऐकेल. नेहमी ऐकते, त्यावरून आपण किती भांडलोय. बुधवारी आठ वाजता, तिची मालिका संपल्यावर फोन कर. आधी खुब्याचं विचार, मग हळूच दाराकडे वळ. आणि मी लिहिलंय म्हणून सांगू नकोस.

तुझी,
मंदा