आमच्या सर्व्हरच्या ॲडमिनताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

खासगी मेसेज केला असता तर 'अहो, त्यात काय एवढं' म्हणून तुम्ही विषय संपवला असता. म्हणून आभार सगळ्यांसमोर मानतोय.

जुना प्लॅटफॉर्म सोडल्यावर डोकं शांत झालं, पण माणसंही सुटली. मॅस्टोडॉनवर, म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून चालणाऱ्या समाजमाध्यमावर, तुमच्या सर्व्हरवर खातं उघडलं, चार पोस्ट टाकल्या, कोणी हूं की चूं केलं नाही. पहिलं उत्तर आलं ते तुमचं. 'इथे अल्गोरिदम नाही. कोणी तुमच्यापुढे काही आणून ठेवणार नाही आणि तुम्हालाही कोणापुढे नेणार नाही. आधी परिचय लिहा, हॅशटॅग लावा, आवडीचे हॅशटॅग फॉलो करा.' खाली आणखी एक ओळ होती: 'नाहीच रमलात तर दुसऱ्या सर्व्हरवर जा. फॉलोअर सोबत येतील, जुन्या पोस्ट मात्र इथेच राहतील.' आल्या आल्या जायची वाटही सांगून ठेवणारं कोणी मला तोवर भेटलं नव्हतं. (जुन्या ठिकाणी खातं बंद करायचं बटण शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली होती.)

मी आठ पायांच्या कोळ्यांचे फोटो काढतो. तुम्ही सुचवलंत, फोटो 'कोळी, अगदी जवळून' अशा इशाऱ्याआड ठेवा, म्हणजे घाबरणारे उघडणार नाहीत. आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी वर्णन लिहा. कंटाळत लिहिलं: 'उड्या मारणारा कोळी, समोरून. आठ डोळे, त्यातले मधले दोन टपोरे, काळेभोर.' थोड्या वेळाने एका दृष्टिहीन सदस्याने विचारलं, 'मग बाकीचे सहा कशाला?' मधले दोन बारकावे टिपतात, बाजूचे हालचाल हेरतात, असं मी सांगितलं आणि गप्पा सुरू झाल्या, त्या अजून संपलेल्या नाहीत. पूर्वी या फोटोंना लाइक भरपूर पडायचे, पण असा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

पडद्यामागचा व्याप मला फार उशिरा कळला. इतर सर्व्हरवरून येणारे फोटोही आपल्या डिस्कवर साठतात, ते साफ करत राहावं लागतं. तक्रारी वाचायच्या, भांडणं मिटवायची, कोणाला काढलं तर शिव्या खायच्या. २०२२ च्या अखेरीस ट्विटरची मालकी बदलली आणि नव्या लोकांचा लोंढा आला, तेव्हा पोस्ट तासन्‌तास अडकून पडत होत्या आणि तुम्ही रात्र रात्र जागत होतात, असं जुने सदस्य सांगतात. पगार नाही, सर्व्हरच्या भाड्याचं बिल मात्र दरमहा. वर्गणीत माझा वाटा सुरू केलाय, पण तुम्हाला पैशांपेक्षा माणसांची चणचण जास्त आहे, असं दिसतं.

तक्रारी बघायला मदत हवी असल्याचं तुम्ही मागे लिहिलं होतंत. रविवारच्या तक्रारी माझ्याकडे द्या. नियम वाचून ठेवलेत. तिसऱ्या नियमाबद्दल दोन शंका आहेत, त्या वेगळ्या विचारतो.

तुमचा,
कोळीवाला