पाय बघायला शिकवणाऱ्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

आपल्या सोलापूरच्या गड्ड्यातल्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या, दारूकामाचे फोटो पाठवले, तर तुम्ही नुसता अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळे झालात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते.

तुमच्या दुकानात आले तेव्हा माझ्या हातात मोडक्या ट्रायपॉडचं मुंडकं होतं. ९०० रुपयांचा, साडेपाच फुटी. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर वारं सुटलं आणि तो कॅमेऱ्यासकट आडवा झाला. फिल्टरची कड चेपली, लेन्स वाचली. एवढं होऊनही माझी मागणी काय, तर ३,००० रुपयांत आणखी उंच द्या!

"उंची काय बघतीस पोरी, पाय बघ." तुम्ही दोन ट्रायपॉड पूर्ण ताणून उभे केलेत. एकाचे पाय चार टप्प्यांचे, शेवटची नळी माझ्या करंगळीएवढी. दुसऱ्याचे तीन टप्प्यांचे, शेवटची नळी चांगली अंगठ्याएवढी. खोक्यावर मात्र दोघांच्याही ‘५ किलो पेलतो’ असंच. "पाच किलोनं मोडत नाही म्हणतेत. हलत नाही असं कुठं लिहिलंय?"

मग तुम्ही लांबचं जवळ दाखवणारी २०० मिलिमीटरची लेन्स लावलीत, समोरच्या दुकानाच्या पाटीवरचं एक अक्षर स्क्रीनवर दहापट मोठं केलंत आणि कॅमेऱ्याला टिचकी मारलीत. पहिल्यावर ते अक्षर हिवताप भरल्यासारखं थरथरत राहिलं. दुसऱ्यावर हललं आणि गप झालं. मला वाटलं, संपलं. तर तुम्ही त्या चांगल्याचाच मधला दांडा वर काढून पुन्हा टिचकी मारलीत, आणि तोही थरथरला. तीन पाय असून दांडा वर काढला की तो एकपायीच, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. दांडा मी आता वर काढतच नाही. मान मोडते, पण फोटो हलत नाही.

तुमच्याकडे नवा होता, महाग होता, तरी दिलात तो जुना ॲल्युमिनियमचा, २,६०० रुपयांत. दोन किलो वजन आहे. कार्बन फायबर हलका, पण त्याचे पैसे डोंगर चढणाऱ्यानं द्यावेत, तू स्कूटीवरच नेणार, हे तुमचं म्हणणं पटलं.

दारूकामाच्या रात्री होम मैदानाच्या कडेला मधल्या दांड्याच्या हुकाला किलोभर ज्वारीची पिशवी बांधली होती, तळ जमिनीला जेमतेम टेकेल अशी. लोंबकळती ठेवली तर वाऱ्यानं तीच झोके घेते, हेही तुमचंच. कॅमेऱ्याचं सेटिंग आयएसओ १००, एफ ११, शटर चार सेकंद उघडं, आणि हलणं सावरणारं स्टॅबिलायझेशन बंद. शेजारून पोरं पळाली की जमीनच हादरायची, त्यामुळे निम्मे फोटो गेले. उरलेल्यांत ठिणगीची रेघ अगदी केसासारखी आली. एकात खाली गर्दीतल्या एका आजोबांचा फेटाही दिसतो, तो मला दारूकामापेक्षा आवडतो.

त्या ट्रायपॉडबरोबर दिलेली ॲलन की, ती स्क्रू आवळायची षटकोनी चावी, अजून माझ्याकडेच आहे. एका पायाची नळी धरून ठेवणारं लिव्हर लॉक परवापासून घसरतंय. त्याचा स्क्रू पाव फेरा आवळला, तरी सरकतंय. अजून आवळू, की आतला प्लॅस्टिकचा तुकडा झिजला असेल? शनिवारी घेऊन येते. ज्वारीची पिशवी घरीच ठेवते, तिच्या भाकऱ्या झाल्यात.

तुमची,
मोडक्या मुंडक्याची मालकीण