पोरांना खेळायला जागा ठेवा

संपादक महोदय,

आमच्या वाड्यावर पूर्वी भातकापणी झाली की शेतं मोकळी व्हायची आणि संध्याकाळी पोरं तिथे फुटबॉल खेळायची, दोन दगडांचा गोल, अनवाणी पाय, बस्स. आता बरीचशी शेतं माती घालून बुजवलीत आणि उरलेल्या मैदानात गाड्या लावतात. मग मुलं शाळा, ट्युशन आणि मोबाईल एवढ्यातच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल असं अंग हलवायला हवं, हाडं, हृदय, मन सगळ्यालाच ते लागतं. आणि डोळ्यांचं तर किती पालकांना ठाऊकच नाही, रोज बाहेरच्या उजेडात वेळ गेला तर मायनस नंबर लागायचा धोका कमी होतो. शिवाय कोण आउट, कोण नाही यावरून भांडायचं आणि आपसातच मिटवायचं, हे कुठल्या क्लासात शिकवणार?

पावसात अडचण होते हे खरं, पण पंचायतीचा हॉल रिकामाच असतो, तो तरी संध्याकाळी उघडा. मैदानातलं पार्किंग हटवायचा विषय आम्ही येत्या ग्रामसभेत मांडतोय, पालकांनी प्लीज यावं.

एक पालक, फोंडा तालुका