लेसरनंतर आलेला प्लस नंबर

महोदय,

लग्न ठरले किंवा नोकरीची मेडिकल जवळ आली की चष्मा घालवण्याची घाई सुरू होते. लेसरमध्ये कधी कधी मायनस नंबर गरजेपेक्षा जास्त काढला जातो आणि डोळा प्लसमध्ये जातो. मग ‘लगेच पुन्हा लेसर मारून घे’ असे सांगणारे मित्र भेटतातच. त्यांचे ऐकू नये.

हा दोष फसवा असतो. पंचविशीतला डोळा आतल्या भिंगावर जोर देऊन +१.२५ सहज झाकतो. सकाळी तक्त्यावर ६/६ वाचणारा मुलगा हिंजवडीतल्या ऑफिसात दुपारी चारला एक्सेलच्या आकड्यांसमोर कपाळ चोळत बसतो. सायक्लोपेन्टोलेटचे थेंब टाकून भिंगाचे स्नायू सैल केल्याशिवाय त्याचा खरा नंबर सापडत नाही. मूळ चूकही बहुधा इथलीच: थेंबांविना −५.५० निघालेला नंबर प्रत्यक्षात −४.७५ असू शकतो, आणि मशीन बिचारे सांगाल तेवढे कापते. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स मोजणीआधी एक-दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे बंद न ठेवल्यास पारपटलाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) आकारच चुकीचा मोजला जातो. लेसर चालू असताना पारपटल कोरडे पडले तरी कापणी जास्त होते.

सुरुवातीचे काही आठवडे थोडा प्लस दिसणे, विशेषतः पीआरकेनंतर (पारपटलाच्या पृष्ठभागावरच केलेल्या लेसरनंतर), नेहमीचेच. लॅसिकनंतर (यात पारपटलाचा पातळ पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, उचलून त्याखाली लेसर मारतात) सुमारे ३ आणि पीआरकेनंतर ६ महिने थांबावे. महिन्याच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांत अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक नसेल, तरच तो स्थिर मानावा. दरम्यान डोळ्यांच्या कोरडेपणावर उपचार आणि कामापुरता प्लसचा चष्मा. चष्मा परत लागला म्हणून लाजण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या लेसरमध्ये पारपटलाच्या कडेचा कंकणाकृती भाग कापून मध्य उंचावतात. हा परिणाम काही अंशी ओसरतो; किती, हे आधीच विचारून घ्यावे. जुना फ्लॅप उचलला तर त्याखाली वरच्या थरातील पेशी वाढण्याचा धोका असतो. फ्लॅप जुना असेल तर, किंवा स्माइलमध्ये (छोट्या छेदातून पारपटलाचा आतला थर काढण्याच्या पद्धतीत) तो नसतोच म्हणून, अनेकदा पृष्ठभागावरच लेसर करून पारपटल धूसर होऊ नये म्हणून मायटोमायसिन हे औषध लावतात.

असा प्लस राहिला तर चाळिशीनंतर भिंग साथ देत नाही, त्यामुळे लांबचे आणि जवळचे दोन्ही धूसर होते.

आणि शस्त्रक्रियेआधीच्या नंबरांची व केराटोमेट्रीची (पारपटलाच्या वक्रतेच्या मापांची) फाइल रद्दीत घालू नये. पुढे मोतीबिंदूच्या वेळी नेहमीच्या सूत्राने अशा डोळ्यासाठी बसवायच्या कृत्रिम भिंगाची पॉवर कमी निघते आणि तोच प्लस नंबर पुन्हा माथी येतो.

— एक नेत्रतज्ज्ञ, पुणे