२५ तारखेलाच सगळं संपवू नका

प्रिय आई आणि बाबा,

दादाने सांगितलं असेलच. नाताळला मी येत नाहीये. परवा फोनवर सांगायलाच बसले होते, पण आईने मध्येच करंज्यांच्या सारणाचं काढलं आणि माझा धीर सुटला. ड्युटीचा तक्ता लागलाय, आता त्यात बदल होणार नाही.

रजा मिळाली नाही असं नाही, खोटं कशाला लिहू? इथे आयर्लंडमध्ये २५ तारखेला डब्लिनचा विमानतळच बंद असतो, बस नाही, रेल्वे नाही. निघायचं तर त्याच्या आधी निघायला हवं, आणि आमच्यातल्या दोघींची मुलं अगदी लहान आहेत, त्यांना घरी राहू दे म्हटलं. हे सगळं खरंच आहे, पण मुख्य कारण २६ तारीख. २५ला आमच्या नर्सिंग होममध्ये पाय ठेवायला जागा नसते. मुलं, सुना, नातवंडं, चॉकलेटचे डबे, फोटो. २६ला दुपारी जेवणघरात नुसता चमच्यांचा आवाज. काल आलेले दमून घरी झोपलेले असतात, आणि ज्यांच्याकडे कालही कुणी आलं नाही त्यांना दोन्ही दिवस सारखेच. म्हणून ती ड्युटी मी आपणहून मागून घेतली. आई, यावर तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. ते तेवढं म्हणू नकोस.

ही सवय तुझीच ना. २५ला ताटं जायची ती ज्यांच्याकडून परत ताट येणार त्यांच्याकडे. २६ला मात्र तू मला घेऊन निघायचीस ती थेट विहिरीपलीकडच्या मावशीकडे, मग बागेतल्या त्या दोघी बहिणींकडे. कुलकुल, न्योऱ्या, पिठाचे तळलेले फुगे, आणि डब्यात मांसाचं इंद्याल. तेही तळाचं, उरलंसुरलं नव्हे, आदल्या दिवशीच वेगळं काढून ठेवलेलं. मी करंजी मागितली की हातावर चापट बसायची, आणि परत येताना तूच ओच्यातून एक काढून द्यायचीस.

बाबा, तुम्ही त्या संध्याकाळी बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये काढून सहावा अध्याय वाचायचात. ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या अन्नवाटपातून सुटत होत्या, म्हणून सात जण निवडले, त्यांतला पहिला स्तेफन. त्याला दगडांनी मारतात तो सातवा अध्याय आईला मुळीच आवडायचा नाही. काल बाळ जन्मलं आणि आज लगेच दगडधोंडे, असं दरवर्षी म्हणायची. इथे तो दिवस स्तेफनच्याच नावाने ओळखतात, सरकारी सुट्टी असते. आमच्याकडे डिंगलच्या बाजूच्या एक आजी आहेत, त्या सांगतात की त्या दिवशी मुलं गवताचे पोशाख आणि मुखवटे घालून, वाद्यं वाजवत दारोदार फिरायची, आपल्याकडे शिमग्याला पोस्त मागत फिरतात तशी. पूर्वी रेन नावाचा चिमुकला पक्षी मारून काठीवर मिरवायचे, आता खोटा असतो. आजींचं घर सुटलं, पण २६ला सकाळपासून त्यांचं लक्ष दाराकडे. या वर्षी आमची एक सहकारीण टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, घेऊन येणार आहे. मी मुखवटा घालणार. हसू नका.

मी लहानपणी २६ला सकाळी उठून रडायचे, आठवतं? नाताळ संपला म्हणून. बाबा, तुम्ही मला उचलून कपाटावर ठेवलेले, बाळ येशूला भेटायला निघालेले तीन राजे दाखवायचात. हे अजून पोचलेच नाहीत तर संपेल कसा, असं म्हणायचात. मग रोज एक वीत पुढे. उंट खिडकीशी आला की मी शाळेत सांगत सुटायचे. चर्चसुद्धा आठ दिवस नाताळच धरतं, तेव्हा मी फक्त एक दिवस चुकवतेय असं समजा. बरं, अनेक दिवस चुकवतेय. ईस्टरच्या आधीचं तिकीट काढलंय, पवित्र आठवडा सगळा घरी.

माझी काळजी करू नका. खोली उबदार आहे, कुकर आहे, मल्याळी दुकानात नारळ आणि सुका जवळा मिळतो. भात दोन वेळा खाते.

आता ऐका. मध्यरात्रीची मिस्सा मैदानावर असते, दव पडतं. बाबांनी यंदा सकाळच्या मिस्सेला जायचं, आणि जायचंच असेल रात्री तर कानटोपी, शाल आणि मंडपाच्या आतली खुर्ची. कठड्यावर बसायचं नाही. बाळ येशूच्या गोठ्याच्या देखाव्यासाठी नाचणी पेरलीत का? ताऱ्याच्या कामट्या दादा बांधेल, शिडीला हात लावू नका. करंजी दिवसाला एक. अर्धी अर्धी करून चार वेळा खाल्ली तर त्या दोन होतात, मला हिशेब येतो.

आई, २६ची ताटं बंद करू नकोस, पण तू चालायचं नाहीस. गुडघ्याचं औषध घे आणि ओट्याशी खुर्चीवर बसून भर. दादाची मुलं नेतील, मी त्यांना सांगितलंय. मावशींना न्योरी नको, त्यांना चावत नाही आता, फुगे मऊ करून दे. त्या दिवशी तुमच्या साडेतीनला, म्हणजे इथे सकाळी दहाला, मी चहाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल करेन. आजींना तुमचा गोठा दाखवायचाय.

आणि ६ जानेवारीला इथल्या कॉर्क-केरीत बायकांचा नाताळ असतो. त्या दिवशी बायका पाय पसरून बसतात, घरकाम पुरुषांकडे. बाबा, त्या दिवशीचा चहा तुमचा. साखर डब्यातच राहू द्या.

तुमची,
बाय