अप्पा, चासी आणि तुझी हरलेली पैज

सोलापूर, रविवार

प्रिय पम्या,

परवा तुमच्या शेडवर गेलतो बे. अप्पा तुझ्यावर जाम भडकलेत. म्हणे, पोरगं पुण्यात बसून सांगतंय चिंचोळी एमआयडीसीत मोठं शेड घ्या, महिन्याला दोनच्या जागी दहा ट्रकच्या बॉड्या काढा. तुमच्या बापलेकाच्या मधे मी पडत नाही, पण मला ती मॉर्गन गाड्यांची कंपनी आठवली.

इंग्लंडात माल्व्हर्नला एच. एफ. एस. मॉर्गननं १९०९ ला स्वतःपुरती तीनचाकी गाडी बनवली, लोकांना आवडली, मग कारखानाच निघाला. तीनचाकीला तिकडं टॅक्स कमी, म्हणून खपली पण. चारचाकी आली १९३६ ला, नाव फोर-फोर, म्हणजे चार चाकं न् चार सिलिंडर, विषय संपला.

आणि कॉलेजात तू पैज लावलेलीस, मॉर्गनची चासी, म्हणजे इंजिन न् चाकं बसतात ती खालची चौकट, लाकडाची असते म्हणून, ती हरलास बरं का. चासी पोलादी, आताच्या गाड्यांना ॲल्युमिनियमची. लाकूड आहे ते बॉडीच्या सांगाड्याला, ॲश नावाच्या झाडाचं, त्यावर पत्रा. मागच्या चाकावरची कमान करायला जाड फळी वाकवत बसत नाहीत, तीन पातळ पट्ट्या ग्लू लावून एकावर एक ठेवतात, साच्यात घालून क्लॅम्प आवळतात, वाळलं की आकार पक्का. १९६२ ला फ्रान्सात ले मॉन्सच्या २४ तासांच्या रेसला असली गाडी रस्त्यानं चालवत नेली, दोन लिटर इंजिनाच्या क्लासात पहिली आली आणि चालवतच घरी आणली. ट्रेलर-बिलर काय नाय!

१९९० ला बीबीसीवर सर जॉन हार्वे-जोन्स, आयसीआय या एवढ्या मोठ्या केमिकल कंपनीचे माजी चेअरमन, कारखाना बघून म्हणाले, प्रॉडक्शन वाढवा, पद्धत बदला. डिट्टो तू. गिऱ्हाईक गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबत होतं, तरी मालक पीटर मॉर्गनना काय ते पटलं नाही. कारखाना अजून चालूय. फक्त २०१९ ला घराण्याचा बराचसा हिस्सा एका इटालियन कंपनीकडं गेला, हे मी अप्पांना सांगितलेलं नाही, तू पण गप बस.

मोबाईलवर त्यांना सांगाड्याचा फोटो दाखवला तर चष्मा वर-खाली करत म्हणतात, "बाभूळ वापरायला पाहिजे होती." वर म्हणे जोड कसा घेतलाय ते दिसंना. तेवढा फोटो मोठ्या कागदावर प्रिंट मारून आण, गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा.

तुझाच,
बाळ्या