फिल युरिकचं पुढे काय झालं

पुणे,
रविवार

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं आणि तेव्हापासून उत्तर मनात घोळतंय. फिल युरिकचं पुढे काय झालं ते तू इतक्या उशिरा वाचलंस आणि तुला ते लागलं, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. ‘आपला फिल असा कसा झाला रे?’ हे तुझं वाक्य मी बायकोलाही वाचून दाखवलं. तुला नीट, सविस्तर उत्तर द्यायचं आहे, म्हणून फोन न करता लिहायलाच बसलो.

आपला फिल म्हणजे मार्व्हलच्या स्पायडर-मॅन कॉमिक्समधल्या ‘डेली ब्युगल’ या वर्तमानपत्रात पडेल ते काम करणारा पोरगा, तिथल्या बातमीदार बेन युरिकचा पुतण्या. स्पायडर-मॅनचा शत्रू ‘ग्रीन गॉब्लिन’ बनणाऱ्या ऑसबॉर्न घराण्याच्या एका जुन्या अड्ड्यात त्याला गॉब्लिनचा मुखवटा आणि ग्लायडर सापडतो. ज्या मुखवट्याआडून तोवर खुनीच हसले होते, तो चढवून हा लोकांना वाचवायला निघतो. १९९५ साली त्याची स्वतःची मालिका निघाली आणि १३ अंकांत आटोपली. सेंटिनल यंत्रमानवांशी लढताना त्याचं गॉब्लिनपण संपलं. पुढे आठ-नऊ वर्षं तो जवळजवळ अडगळीतच होता. मग लॉस एंजेलिसमधल्या माजी तरुण वीरांच्या त्या मंडळात दिसला, जिथे सगळे एकमेकांना ‘आता पोशाख घालायचा नाही’ म्हणून धीर देत बसायचे. आणि त्यानंतर तू वाचलेला तो ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा ६४९वा अंक. पेटत्या तलवारीने आधीच्या हॉबगॉब्लिनचं मुंडकं उडवून फिल त्याच्या जागी उभा राहतो. तिथून गॉब्लिन नाइट, तिथून गॉब्लिन किंग. खाली खाली जात राहिला.

पण श्रीधर, हा एक फिल झाला. दुसराही आहे, आणि त्याची तुझी गाठ पडलेली नाही.

१९९८च्या सुरुवातीला ‘व्हॉट इफ’ (‘असं झालं असतं तर?’) मालिकेचा १०५वा अंक आला. लेखक टॉम डीफाल्को, चित्रं रॉन फ्रेन्झची. फिलची ती १३ अंकांची मालिका ज्याने लिहायला घेतली होती, तोच डीफाल्को. प्रश्न एवढाच होता की पीटर पार्कर, म्हणजे स्पायडर-मॅन, आणि त्याची बायको मेरी जेन यांचं बाळ जगलं असतं तर? तुला आठवत असेल, १९९६ साली ते बाळ जन्मतःच गेलं असं त्यांना सांगितलं जातं आणि ॲलिसन मॉन्ग्रेन नावाची बाई एक गाठोडं घेऊन बंदरावरून निघून जाते. मुख्य मालिकांनी ते बाळ परत कधी आणलं नाही. या अंकातल्या विश्वात मात्र पीटरचा क्लोन केन त्या बाळाला शोधून आणतो आणि आईबापांच्या हाती देतो. ती मुलगी, मे पार्कर, १५ वर्षांची झाल्यावर कथा सुरू होते आणि ती स्पायडर-गर्ल बनते. तिच्या बापाचा एक पाय नॉर्मन ऑसबॉर्नशी झालेल्या शेवटच्या लढाईत गेलेला आहे. तो न्यूयॉर्क पोलिसांच्या फॉरेन्सिक प्रयोगशाळेत नोकरी करतो.

त्याच प्रयोगशाळेत, त्याच्या बरोबरीने, फिल युरिक नोकरी करतो.

हे वाचलं तेव्हा मला जो आनंद झाला तो तुला कसा सांगू? फिल सुखरूप आहे, मोठा झालाय, कामावर जातो, पीटरचं गुपित त्याला ठाऊक आहे आणि तो ते सांभाळतो. पोर नवीन आहे, घाबरलेली आहे हे पाहून तो मेला गुपचूप धडे देतो, कारण मुखवट्यामागे एकट्याने उभं राहणं काय असतं ते त्याने स्वतः भोगलंय. पुढे त्याला स्वतःलाही राहवत नाही आणि तो सोनेरी पोशाखात ‘गोल्डन गॉब्लिन’ म्हणून उतरतो. त्यात त्याला फारसं यश येत नाही. पण त्याने तो पोशाख लोकांसाठी चढवला, १९९५ साली चढवला होता तसाच. एकच माणूस, तोच मुखवटा, तोच काका. एका विश्वात त्याला हत्यार मिळालं, दुसऱ्यात नोकरी आणि मित्र मिळाले. मला या दुसऱ्या फिलवर जास्त विश्वास बसतो, कारण जुन्या १३ अंकांतला मुलगा मला त्याच्यात ओळखू येतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अंकांपासून या भविष्याच्या तीन मालिका एकदम सुरू झाल्या: ‘स्पायडर-गर्ल’, ‘ए-नेक्स्ट’ (ॲव्हेंजर्सची पुढची पिढी) आणि ‘जे टू’. सगळ्या मिळून या विश्वाला एम.सी.टू म्हणतात. नवी पोरं त्यात खूप आहेत, पण मला वेड लावलं ते जुन्या, कडेला उभ्या असणाऱ्या माणसांनी. मुख्य कॉमिक्समध्ये पीटरला कायम तरुण ठेवावं लागतं, त्यामुळे त्याच्या आजूबाजूचं कुणीच म्हातारं होत नाही, कुणाची पोरं शाळा संपवत नाहीत. मग दुय्यम पात्राचं करायचं काय? वाचकाला धक्का हवा असेल तेव्हा त्याला मारायचं, नाहीतर बिघडवायचं. एम.सी.टूमध्ये १५ वर्षं खरोखर गेलेली आहेत. तेवढ्या काळात माणसं लग्नं करतात, घटस्फोट घेतात, टक्कल पडतं, पोरं होतात. डीफाल्कोने या गेलेल्या वर्षांचा हिशोब एकेका माणसाच्या नावाने मांडला आहे.

आता केव्हिन मास्टरसनचं ऐक. एरिक मास्टरसन तुला नक्की आठवेल, तुझा तो लाडका होता. घटस्फोटित, काठी टेकत चालणारा वास्तुविशारद, जो काही काळ थॉर होतो आणि नंतर गदा मिळून ‘थंडरस्ट्राइक’ होतो. डीफाल्को आणि फ्रेन्झ यांनीच तो घडवला आणि १९९५ साली, २४व्या अंकात, त्यांनीच त्याला मृत्यू दिला. मागे राहिला त्याचा लहानगा मुलगा केव्हिन. मुख्य मालिकांना त्या मुलाकडे वळायला १५ वर्षं लागली. पण ‘ए-नेक्स्ट’च्या पहिल्याच अंकात तरुण झालेला केव्हिन ॲव्हेंजर्सच्या वाड्याच्या दारात येतो. वाड्याचं आता संग्रहालय झालंय. आत ॲव्हेंजर्सचा जुना बटलर, म्हातारा जार्विस, अजून आहे. मुलाला बापाची गदा हवी आहे. काय बोलावं हे त्या दोघांनाही नीट सुचत नाही, आणि तेवढ्यात लोकीचे राक्षस येऊन पडतात. गदेचं बळ केव्हिनच्या अंगात उतरतं आणि मुलगा बापाचं नाव घेऊन उभा राहतो.

एरिकच्या मूळ मालिकेत मला सगळ्यात जास्त काय आवडायचं, तर मुलाच्या ताब्यासाठी चाललेली त्याची कोर्टातली ओढाताण. बाप जगाला वाचवतोय आणि पोराच्या वाढदिवसाला पोचत नाहीये, असलं दुखणं. त्या दुखण्याचं उत्तर १९९८ साली एका कोवळ्या पोराच्या हातात गदा देऊन दिलं गेलं, आणि ज्यांनी प्रश्न मांडला होता त्यांनीच ते दिलं. लेखक आपल्या माणसांना विसरत नाही याचा इतका स्पष्ट पुरावा मी कॉमिक्समध्ये क्वचितच पाहिलाय.

लिजा स्क्रलचंही असंच. ‘फँटॅस्टिक फोर’ संघातल्या जॉनी स्टॉर्मने ज्या ॲलिशियाशी लग्न केलं ती प्रत्यक्षात वेषांतर केलेली परग्रहवासी लिजा निघाली, हे १९९१ साली उघड झालं. तेही डीफाल्कोच्याच लेखणीतून. मुख्य विश्वात तो संसार पुन्हा उभा राहिला नाही. भविष्यातल्या ‘फँटॅस्टिक फाइव्ह’मध्ये मात्र दोघं एकत्र आहेत, ती संघात खांद्याला खांदा लावून लढते आणि त्यांना टोरस नावाचा मुलगा आहे. फसवणुकीतून सुरू झालेलं नातं टिकू शकतं, पण त्याला वेळ लागतो, आणि मुख्य मालिकेकडे तेवढा वेळ कधीच नव्हता. त्याच संघातल्या बेन ग्रिमला शॅरन व्हेंचुरापासून जुळं आहे आणि त्यांचा घटस्फोट झालाय. बेनसारखा माणूस घटस्फोटित बाप म्हणून पाहणं मला आधी जड गेलं, मग फार खरं वाटलं.

आणि नॉर्मी! नॉर्मनचा मुलगा हॅरी ऑसबॉर्न १९९३ साली गेला तेव्हा हे त्याचं एवढंसं पोर होतं. १०५व्या अंकात तोच आजोबाचा सूड घ्यायला गॉब्लिन बनून येतो आणि मेच्या हातून हरतो. इथे दुसऱ्या कुणी त्याला पक्का खलनायक करून मोकळं केलं असतं. या मालिकेने त्याला पुढची कितीतरी वर्षं दिली. तो हळूहळू सावरतो, मेचा मित्र होतो, आणि शेवटी ब्रेंडा ड्रॅगोशी लग्न करतो. ही ब्रेंडा कोण, माहितीये? १९६७ साली तुरुंगात व्हल्चर या म्हाताऱ्या खलनायकाला फसवून त्याचे पंख पळवणारा तो ब्लॅकी ड्रॅगो, त्याची मुलगी. दोन बदनाम घराण्यांतली दोन पोरं एकमेकांना सांभाळून घेतात. ब्लॅकी ड्रॅगोला मुलगी असेल आणि तिचं भलं व्हावं, असा विचार कुणी केला असेल? कुणीतरी केला, बघ.

बाकीचे भराभर सांगतो. पीटरचा शाळासोबती फ्लॅश थॉम्पसन आणि चोरटी ब्लॅक कॅट यांचं लग्न होऊन मोडलंय, त्यांची मुलगी फेलिसिटी स्कार्लेट स्पायडर बनायला धडपडते. ‘डेली ब्युगल’च्या जेमसनच्या नातवाने मुखवटा चढवलाय, तोही ‘बझ’ नावाने, आणि आजोबांचा मुखवटेवाल्यांवरचा राग तर तुला माहीतच आहे. पीटरचा दुसरा क्लोन बेन रायली, त्याचा मुलगा फॉगी नेल्सनच्या वकिली कचेरीत काम करतो आणि रात्री डार्कडेव्हिल होतो. मे जो पोशाख घालते तो बेन रायलीचाच, आणि तिच्या धाकट्या भावाचं नावही बेंजामिन. जगरनॉट या महाबलाढ्य खलनायकाचा मुलगा झेन शाळेत कुणाच्या खिजगणतीत नाही, पण तोच ‘जे टू’. शॅनन कार्टर तर आधी त्या वाड्यात लोकांना फिरवून माहिती सांगणारी गाइड होती, तिथून ती अमेरिकन ड्रीम झाली.

कॅसी लँगबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. अँट-मॅनची ती आजारी मुलगी, जिच्यासाठी बापाने अँट-मॅनचा पोशाख चोरला. एम.सी.टूमध्ये ती शास्त्रज्ञ आहे आणि ‘स्टिंगर’ नावाने पंख लावून उडते, ‘ए-नेक्स्ट’ संघातली सगळ्यात शहाणी. मुख्य विश्वात तिला २०१२ साली मारलं गेलं. नंतर परत आणलं, आणि मग तिला नाव काय दिलं? स्टिंगर. म्हणजे या बाजूच्या, कुणी फारसं न मोजलेल्या भविष्यातून मुख्य विश्वाने नाव उचललं. त्या दिवशी मला खूप बरं वाटलं होतं.

तू विचारशील, मग हे सगळं सुखाचंच आहे का? नाही. मेच्या लहान भावाला कार्नेज या खलनायकाच्या तावडीतून सोडवताना ध्वनीचा मारा करावा लागतो आणि त्या बाळाचे कान अधू होतात. हे दुखणं पुढच्या अंकात विसरलं जात नाही. आणि २०१४ साली, वेगवेगळ्या विश्वांतल्या सगळ्या स्पायडर-मंडळींची शिकार करणारी मोठी कथा आली, तेव्हा मेच्या घरावर हल्ला होऊन पीटरचा मृत्यू दाखवला. मे बाळाला छातीशी धरून निसटते. १६ वर्षं ज्या बापाने एका पायावर उभं राहून घर सांभाळलं, त्याला दुसऱ्याच्या मोठ्या कथेची सुरुवात म्हणून वापरलं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. फिलचं जे झालं तेच इथे वेगळ्या वाटेने झालं: ज्याचा जीव या माणसांत नव्हता त्याच्या हाती ती गेली.

आणि तरी ही मालिका जगली कशी, ते ऐकलंस तर तुझं मन हलकं होईल. ‘स्पायडर-गर्ल’ बंद होणार अशी घोषणा एकदा नव्हे, अनेकदा झाली. दर वेळी वाचकांनी पत्रं लिहून, आग्रह धरून ती वाचवली. लहान आकाराच्या स्वस्त पुस्तकांनीही हात दिला. २००६ साली १०० अंक पूर्ण झाले, लगेच ‘अमेझिंग स्पायडर-गर्ल’ नावाने आणखी ३० निघाले, आणि २०१०मध्ये निरोपाचा अंक आला. पॅट ऑलिफने पहिली कित्येक वर्षं चित्रं काढली, मग फ्रेन्झ परतला. सुपरहिरो मुलगी नायिका असलेली इतकी लांब मालिका मार्व्हलने त्याआधी कधी चालवली नव्हती. तुझ्यामाझ्यासारख्या लोकांनी पोस्टाची तिकिटं लावून फिल युरिकला, केव्हिनला, नॉर्मीला १२ वर्षं नोकरीवर आणि संसारात ठेवलं.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की फिल तसा झाला नाही. त्याला तसा केला गेला, आणि तो एका विश्वात. दुसऱ्यात त्याचं व्यवस्थित चाललंय. दोन्ही कागदावर छापलेले आहेत, दोन्ही सारखेच अधिकृत आहेत, आणि कुठला आपला मानायचा हे ठरवायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. मी तरी केव्हाच ठरवलंय.

‘स्पायडर-गर्ल’चे पहिले दोन खंड आणि ‘ए-नेक्स्ट’चं पुस्तक या आठवड्यात कुरिअरने पाठवतो. आधी ‘ए-नेक्स्ट’चा पहिला अंक वाच, मग बाकीचं. वाचून झालं की जॉनी आणि लिजाबद्दल तुला काय वाटतं ते मला सविस्तर लिही, कारण १९९१ साली तू तिच्यावर किती चिडला होतास ते माझ्या लक्षात आहे. वहिनींना नमस्कार सांग. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरतंय ते कळव, मी त्या वेळी येईन. सईला अनेक आशीर्वाद. तिला आवडलं तर पुस्तकं परत पाठवू नकोस, तिच्याकडेच राहू देत.

तुझा,
मिलिंद